शीतपेय उद्योगातील भागगुंतवणूक

शीतपेयांचा अर्क तयार करणाऱ्या अथवा ती पेये बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपन्यांच्या भागभांडवलात सर्वसामान्य बचतदारांनी केलेली गुंतवणूक. साखर, पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड वायू, आम्ले व स्वादद्रव्ये यांपासून बनणाऱ्या वातयुक्त पेयांचा विचार येथे मुख्यत्वे केला असून फळरसाच्या पेयांचा उल्लेख ओघाने आला आहे. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या विषयाच्या इतिहासात एक ठळक विसंगती दिसते. पेय घराघरांत आणि जत्रेजत्रेत पोहोचले. त्याची मालकी मात्र सु. शंभर वर्षे काही कुटुंबांच्या किंवा परदेशी कंपन्यांच्या हाती राहिली. त्यामुळे शीतपेयांच्या कंपनीत पैसे गुंतवावेत की नाही, या प्रश्नाचे उत्तर पेयाच्या खपावरून मिळत नाही. उद्योगाच्या साखळीतील कोणत्या दुव्याचे भाग विकत मिळतात आणि नफा कोणत्या दुव्यावर साचतो, हे त्यासाठी पाहावे लागते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘शेअर’ हा शब्द दोन अगदी भिन्न अर्थांनी रूढ आहे, आणि हा भेद प्रारंभीच ध्यानात घेणे इष्ट ठरते. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) पाथर्डी तालुक्यातील तिसगावचे उदाहरण घेता येईल. अहमदनगर–पाथर्डी रस्त्यावरील हे बाजाराचे गाव अवर्षणप्रवण टापूत मोडते. तालुक्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. जवळच्या मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते, आणि शीतपेयांच्या खपाचा हंगामही याच सुमारास सुरू होतो. तालुक्यातच आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. अशा गावात ‘माझा शेअर आहे’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा साखर कारखान्याचा भाग अभिप्रेत असतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथील कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले, तेव्हापासून या जिल्ह्याला हा भाग परिचित आहे. त्यावर सभासदाला ऊस घालण्याचा हक्क मिळतो. भाग कितीही असले, तरी मत एकच असते. लाभांशावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने (१९६०) सामान्यतः १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. आणि त्याची किंमत दररोज वर-खाली होत नाही. संयुक्त भांडवली कंपनीचा भाग याच्या नेमका उलट स्वभावाचा असतो. त्यावर कोणताही माल घालण्याचा हक्क नाही, मते भागांच्या प्रमाणात, लाभांशाला वरची मर्यादा नाही व खालचीही नाही, आणि किंमत बाजार ठरवील ती. साखर कारखान्याची साखर शीतपेयाच्या कारखान्यात जाते, आसवनीत मळीच्या किण्वनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायूही शुद्ध करून पेयांत वापरता येतो. तरीही पहिल्या प्रकारच्या भागाच्या अनुभवावरून दुसऱ्या प्रकारच्या भागाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

उद्योगाची घडण : आधुनिक शीतपेय उद्योगाचे दोन भाग पडतात. पहिला अर्काचा. अर्क तयार करण्यास जागा, यंत्रे व कामगार अल्प प्रमाणात लागतात. त्याची खरी मालमत्ता म्हणजे गुप्त कृती, नाममुद्रा आणि जाहिरात. दुसरा भाग बाटल्या भरण्याचा. त्यासाठी विहिरी किंवा नळयोजनेचे पाणी, जलशुद्धीकरण यंत्रणा, बाटल्या धुण्याची व भरण्याची यंत्रे, मालमोटारी, दुकानांत ठेवावयाची शीतकपाटे असा मोठा स्थिर भांडवली खर्च करावा लागतो. परत घ्यावयाच्या काचेच्या बाटल्यांच्या काळात तर कारखानदाराचे बरेचसे भांडवल रिकाम्या बाटल्या व त्यांचे खोके यांतच अडकून पडत असे. बाटलीभरणी करणारा कारखानदार ठराविक प्रदेशापुरता व ठराविक मुदतीपुरता परवानगीचा करार करतो आणि अर्क मूळ कंपनी सांगेल त्या भावाने घेतो. उद्योगातील घाम दुसऱ्या भागात व मलई पहिल्या भागात, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मात्र या विधानाला अपवाद आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

ही विभागणी अमेरिकेत झाली. जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याने १८८६ मध्ये अटलांटा येथे कोका-कोलाची कृती सिद्ध केली व एसा कँडलरने १८९२ मध्ये तिची कंपनी स्थापन केली. पेय पेल्यातूनच विकले जावे असे कँडलरला वाटत होते. म्हणून बाटल्यांत भरण्याचा हक्क त्याने १८९९ मध्ये चॅटनूगा येथील बेंजामिन टॉमस व जोसेफ व्हाइटहेड या दोन वकिलांना अवघ्या एका डॉलरला देऊन टाकला. करारात पाकाची किंमत कायमची ठरवून दिली होती. वीस वर्षांनंतर हीच तरतूद कंपनीच्या अंगाशी आली.

१९१९ मध्ये अर्नेस्ट वुड्रफच्या गटाने कंपनी २·५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि तिचे भाग प्रत्येकी ४० डॉलर किंमतीने जनतेस विकले. शीतपेय कंपनीच्या भागांत सामान्य बचतदारांनी मोठ्या प्रमाणावर पैसे घातल्याचे हे पहिले प्रसिद्ध उदाहरण होय. नेमक्या त्याच काळात साखरेचे भाव भडकले; मे १९२० मध्ये अमेरिकेत कच्ची साखर पौंडास २२ सेंटांवर गेली आणि वर्षअखेरीस कोसळली. चढ्या भावाने साखरेचे करार करून बसलेल्या कंपनीला पाक मात्र ठरलेल्या किंमतीने द्यावा लागत होता. बाटलीवाल्यांशी न्यायालयात झगडा झाला, पाकाची किंमत साखरेच्या भावाशी जोडणारी तडजोड पुढे निघाली, पण दरम्यान भागाची किंमत १९ डॉलरपर्यंत घसरली होती. प्रतिस्पर्धी पेप्सी-कोला कंपनीची गत याहून वाईट झाली. साखरेच्या याच उलथापालथीत फसलेल्या त्या कंपनीचे १९२३ मध्ये दिवाळे वाजले आणि तिच्या भागधारकांचे पैसे बुडाले. पुढे दोन्ही नाममुद्रा जगभर पसरल्या, ही गोष्ट खरी; परंतु ४० डॉलरचा भाग जपून ठेवणाऱ्याची श्रीमंती सांगताना पेप्सीच्या मूळ भागधारकाचा विसर पडतो. नाममुद्रा जगली, म्हणून तिच्यावर पैसे लावणारा प्रत्येक जण तरला असे होत नाही. उत्तम कंपनीचा भागदेखील फार चढ्या किंमतीने घेतल्यास काय होते, याचे उदाहरणही कोका-कोलाच्याच इतिहासात आहे. १९९८ मध्ये तिच्या भागाने जे शिखर गाठले, तेथे तो पुन्हा पोहोचण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्या अवधीत पेयाचा जागतिक खप वाढतच होता.

मुंबई–पुण्यातील सोडावॉटरचा धंदा : पश्चिम भारतात वातयुक्त पाण्याचा धंदा इंग्रजी छावण्यांच्या आणि क्लबांच्या आश्रयाने वाढला व लवकरच पारशी व इराणी व्यावसायिकांच्या हाती आला. मुंबईचे पालनजी, पुणे छावणीतील अर्देशीर (१८८४), दिनशा पांडोळे यांनी १८८९ मध्ये काढलेले ड्यूक्स ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या, गळ्यात काचेची गोटी असलेल्या बाटलीमुळे हा धंदा तालुक्याच्या गावांपर्यंत उतरला; ‘गोटीसोडा’ हे मराठी नाव तिच्यावरूनच पडले. एक हातयंत्र, वायूची नळकांडी, शेदोनशे बाटल्या आणि विहिरीचे पाणी एवढ्यावर धंदा उभा राहत असल्याने बाहेरच्या भांडवलाची गरज पडत नव्हती. महाराष्ट्रात याच काळात लोकांकडून भांडवल गोळा करण्याची चळवळ काही कमी जोमाची नव्हती. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून व लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पैसाफंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना निघाला. पण लोकांचा पैसा काच, साखर, बँका व यंत्रे यांकडे वळला, सोडावॉटरकडे वळला नाही. ते घरच्या पेढीनेच चालवावयाचे किरकोळ दुकानदारीचे काम समजले जाई.

पेढ्यांच्या पुढे कंपन्या झाल्या, तरी त्या बहुशः खाजगी मर्यादित स्वरूपाच्या राहिल्या. कंपनी अधिनियमानुसार (१९५६) खाजगी कंपनीला ५० हून अधिक सभासद घेता येत नसत आणि भाग घेण्यासाठी जनतेला आवाहनही करता येत नसे. मोहनलाल दयाल चौहान यांनी विलेपार्ले येथे घातलेल्या पायावर उभ्या राहिलेल्या पार्ले समूहाची शीतपेये हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आलेल्या गोल्ड स्पॉटपासून लिम्का, माझा, थम्स अपपर्यंत (१९७७) ही पेये मराठी मुलखात घरोघरी ठाऊक झाली, चित्रपटगृहे, एस. टी. स्थानके आणि लग्नाचे मांडव यांत त्यांच्या बाटल्यांचे खोके दिसत. परंतु मुंबई शेअर बाजारात त्या धंद्याचा एकही भाग विकत मिळत नव्हता. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सची स्थितीही याहून निराळी नव्हती.

१९७७ चा निर्णय : कोका-कोला भारतात १९५० मध्ये आली. अर्क पुरविण्याचे काम कोका-कोला एक्स्पोर्ट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीची शाखा करीत असे, तर बाटल्या भारतीय कारखानदार भरीत. म्हणजे घाम आणि मलई यांची वर सांगितलेली विभागणी येथे देशादेशांतही झाली होती. अल्प भांडवलावर मोठा नफा परदेशी जातो, अशी टीका संसदेत व बाहेर होत होती. परकीय चलन विनियमन अधिनियम (१९७३) १९७४ च्या प्रारंभापासून अंमलात आला आणि त्यातील २९ व्या कलमान्वये बहुतेक परदेशी कंपन्यांना आपल्या शाखा भारतीय कंपन्यांत रूपांतरित करून परदेशी हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी १९७७ मध्ये कोका-कोलाला हीच अट घातली. अर्काचे तंत्रही भारतीय कंपनीकडे द्यावे असा आग्रह धरला. भाग विकण्याबाबत कंपनी बोलणी करण्यास तयार होती, पण अर्क व त्यावरील नियंत्रण आपल्याच हाती राहावे, हे तिचे म्हणणे सरकारला मान्य झाले नाही आणि कंपनीने देश सोडला.

या घटनेकडे सामान्यतः राष्ट्रीय स्वाभिमान किंवा परदेशी भांडवल या दृष्टींनी पाहिले जाते. बचतदाराच्या दृष्टीने तिचा विचार फारसा झालेला नाही. वास्तविक तो व्हावयास हवा. याच कायद्याने इतर अनेक परदेशी कंपन्यांनी आपले भाग भारतीय जनतेला विकले. कोलगेट-पामोलिव्हच्या भारतीय कंपनीने १९७८ मध्ये भागविक्री केली. त्या काळी भागविक्रीची किंमत भांडवल प्रचालन नियंत्रक ठरवीत असे (हे नियंत्रण १९९२ मध्ये रद्द झाले) आणि ती बाजाराच्या मानाने बरीच कमी असे. त्या भागांतून मुंबई–पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांत भागगुंतवणुकीची सवय रुजली; निवृत्तीनंतरचा आधार म्हणून अनेकांनी ते दीर्घकाळ जपले. कोका-कोलाने अट मान्य केली असती, तर तिचे ६० टक्के भागही याच मार्गाने भारतीयांकडे आले असते. तथापि, तो लाभ निर्भेळ ठरला असता असे मानणे भाबडेपणाचे होईल. कृती अटलांटा येथेच राहिली असती, तर अर्कातील घटकांची किंमत व स्वामित्वशुल्क यांद्वारे नफा भारतीय कंपनीच्या ताळेबंदात येण्यापूर्वीच काढून घेणे मूळ कंपनीला शक्य होते. कृतीचा मुद्दा सरकारने एवढा ताणून धरला, त्यात या दृष्टीने तथ्य होते. पण तो सुटला नाही आणि भागही मिळाले नाहीत.

कंपनी गेल्यावर देशभरातील वीसहून अधिक बाटलीभरणी कारखान्यांपुढे पेच उभा राहिला. यंत्रे होती, कामगार होते, बाटल्या होत्या, अर्क नव्हता. परवानगीच्या कराराने बांधलेल्या कारखानदाराचे भांडवल किती परावलंबी असते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तयार केलेल्या कृतीवर मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीने ‘डबल सेव्हन’ हे पेय काढले. ते फार काळ टिकले नाही. प्युअर ड्रिंक्सने कँपा कोला आणि पार्लेने थम्स अप बाजारात आणून मोकळी जागा भरली. पुढील पंधरा वर्षे भारतीय शीतपेयांच्या भरभराटीची होती. मालकी मात्र पूर्वीइतकीच बंद राहिली.

पुनरागमन : १९८८ मध्ये केंद्र सरकारने पेप्सीला पंजाब कृषी उद्योग निगम व व्होल्टास यांच्या भागीदारीत परवानगी दिली, पेय १९९० मध्ये ‘लहर पेप्सी’ या नावाने आले. टाटा समूहातील व्होल्टास ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्याने तिच्या भागधारकांचा अप्रत्यक्षपणे या धंद्यात थोडासा वाटा निर्माण झाला होता. उदारीकरणानंतर पेप्सीने भागीदारांचे हिस्से विकत घेतल्याने तोही संपुष्टात आला. कोका-कोला ऑक्टोबर १९९३ मध्ये आग्रा येथून परतली आणि त्याच वर्षी तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा व माझा या नाममुद्रा घेतल्या. ड्यूक्स १९९४ मध्ये पेप्सीकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातील ग्राहकांनी ज्या नावांना मोठे केले, त्या नावांचे मोल अशा रीतीने खाजगी व्यवहारांत चुकते झाले.

कोका-कोलाने बाटलीभरणीचे कारखाने आपल्या उपकंपनीकडे एकवटले, तेव्हा तिच्यातील ४९ टक्के भाग भारतीयांना देण्याची अट सरकारने घातली होती. १९७७ च्या प्रश्नाची ही सौम्य आवृत्तीच म्हणता येईल. २००३ मध्ये ती अट पार पडली, पण खुल्या बाजारात भागविक्री न होता निवडक भारतीय गुंतवणूकदारांना खाजगी वाटप करून. डिसेंबर २०२४ मध्ये या बाटलीभरणी धंद्याच्या धारक कंपनीतील ४० टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया समूहाने घेण्याचा करार जाहीर झाला. तोही दोन मोठ्या पक्षांतील व्यवहार होता.

खुल्या भागविक्रीची दोन उदाहरणे : सामान्य बचतदाराला या उद्योगात थेट प्रवेश खऱ्या अर्थाने मिळाला तो २०१५ नंतर. तोपर्यंत भागव्यवहाराची पद्धतही पालटली होती. पूर्वी तिसगावसारख्या गावातील मनुष्याला भाग घ्यावयाचा झाल्यास मुंबईचा, किंवा १९८२ मध्ये पुणे शेअर बाजार स्थापन झाल्यावर पुण्याचा, दलाल गाठावा लागे आणि कागदी प्रमाणपत्रे टपालाने फिरत. राष्ट्रीय प्रतिभूति निक्षेपागार १९९६ मध्ये सुरू झाल्यावर कागद गेले. पुणे शेअर बाजाराची मान्यताही २०१५ मध्ये संपली. आणि आता भ्रमणध्वनीवरून एक भागही विकत घेता येतो. प्रवेश सोपा झाला. पारख करण्याचे काम मात्र अधिक कठीण झाले, कारण मध्ये कोणी अनुभवी मध्यस्थ उरला नाही.

जून २०१५ मध्ये बडोद्याच्या मनपसंद बेव्हरेजेस या आंबारस-पेयाच्या कंपनीने प्रत्येकी ३२० रुपयांना भाग विकले व सु. ४०० कोटी रुपये उभारले. छोट्या गावांत, रेल्वेत खपणारे स्वस्त पेय, परदेशी अर्काची गरज नाही, नाममुद्रा स्वतःची. वरील विवेचनानुसार पाहता सर्व लक्षणे उत्तम होती. मे २०१८ मध्ये वार्षिक हिशेब जाहीर होण्याच्या ऐन तोंडावर तिच्या लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला आणि भाग कोसळू लागला. मे २०१९ मध्ये वस्तू व सेवा कराच्या कथित फसवणुकीवरून केंद्रीय कर अधिकाऱ्यांनी कंपनीच्या वरिष्ठ चालकांना अटक केली. भागाची किंमत मूळ किंमतीच्या नगण्य अंशावर आली.

दुसरे उदाहरण वरुण बेव्हरेजेसचे. पेप्सीच्या पेयांची बाटलीभरणी करणाऱ्या या कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रत्येकी ४४५ रुपयांना भाग विकले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ते बाजारात नोंदले गेले आणि त्याच रात्री नोटाबंदी जाहीर झाली. ही कंपनी घाम गाळणाऱ्या दुव्यावरची. अर्क पेप्सीचा, नाव पेप्सीचे, मुदतबंद करार. तरीही तिने २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागासह पश्चिम व दक्षिण भारतातील क्षेत्रे पेप्सीकडून घेतली, आफ्रिकेत विस्तार केला, आणि तिचे भागधारक श्रीमंत झाले. २०१९, २०२१ व २०२२ मध्ये दोन भागांस एक याप्रमाणे अधिलाभांश भाग दिले गेले, २०२३ व २०२४ मध्ये भागांचे विभाजन झाले. हिशेब केल्यास मूळ एका भागाचे सु. १६·९ भाग झाले व प्रत्येकाची मूळ किंमत २६ रुपयांच्या आसपास पडली. २०२५ मध्ये त्याच भागाचा बाजारभाव बव्हंशी ४०० रुपयांच्या वर होता. अर्कवाला श्रीमंत व बाटलीवाला गरीब या नियमाला हा ठळक अपवाद होय. क्षेत्र फार मोठे असले, एकाच कंपनीकडे एकवटलेले असले, आणि मूळ कंपनीलाच कारखाने चालविण्याची दगदग नको असली, तर बाटलीवाल्याची सौदाशक्ती वाढते, असे त्यावरून दिसते.

या दोन भागविक्रींत जेमतेम सोळा महिन्यांचे अंतर आहे. माहितीपत्रक वाचून त्यांतील फरक ओळखणे किती जणांना शक्य होते, हा प्रश्न उरतोच. एक खूण मात्र तेव्हाही उपलब्ध होती. वरुणच्या विक्रीची पडताळणी अर्क पुरविणाऱ्या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या हिशेबांशी करता येण्यासारखी होती. मनपसंदच्या विक्रीला तिच्या स्वतःच्या हिशेबांशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता. लेखापरीक्षकाने मधूनच काम सोडणे ही तर धोक्याची घंटाच समजावयास हवी, आणि भाव शून्याकडे जाण्यापूर्वी ती वाजली होती.

धोक्याचे घटक : शीतपेयाच्या धंद्याचे वर्ष खऱ्या अर्थाने एप्रिल ते जून हे तीन महिन्यांचेच असते. मढीची यात्रा, लग्नसराई, उन्हाळ्याच्या सुट्या यांत खप झाला तर झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात देशाच्या बऱ्याच भागात अवकाळी पाऊस पडला व मोठ्या कंपन्यांची त्या तिमाहीतील विक्री घटली. ज्या पावसाची पाथर्डी तालुका डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, तोच अवेळी आल्यास या भागधारकाच्या मुळावर येतो. साखरेचे भाव वाढले की ऊसउत्पादकाला चार पैसे मिळण्याची आशा वाटते, पण पेयाचा उत्पादनखर्च वाढतो. एकाच घरात कारखान्याचा भाग व शीतपेयाचा भाग असल्यास ते काही अंशी परस्परांना तोलून धरतात, ही दुर्मिळ पण खरी सोय आहे.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. एक लिटर पेयासाठी एक लिटरपेक्षा बरेच अधिक पाणी लागते. केरळमधील प्लाचीमडा येथील कोका-कोलाचा कारखाना भूजलाच्या वादातून मार्च २००४ मध्ये बंद पडला. तिसगावपासून फार दूर नसलेल्या पैठण येथे पेप्सीच्या पेयांचा कारखाना आहे. तो ज्या जायकवाडी जलाशयाच्या परिसरात येतो, त्याच्या पाण्यावरून वरच्या अंगाचे नगर–नाशिक व खालचा मराठवाडा यांच्यात दीर्घकाळ वाद चालू आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के, तर इतर उद्योगांच्या पाण्यात २५ टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता. टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील बचत पाणी वापरणाऱ्या उद्योगात जावी, यातील विरोधाभास गुंतवणूकदाराला दिसला नाही तरी न्यायालयाला दिसतो, आणि त्याचा परिणाम ताळेबंदावर होतो.

आरोग्यविषयक शंकांचा परिणामही अनुभवास आला आहे. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने ऑगस्ट २००३ मध्ये शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. त्याच्या चौकशीसाठी शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमण्यात आली; तिने फेब्रुवारी २००४ मधील अहवालात ते निष्कर्ष ग्राह्य धरले. ३०० मिलिलिटर गोड पेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, आणि मधुमेहाच्या वाढत्या प्रमाणामुळे सरकारचे धोरण या पेयांना अनुकूल राहिलेले नाही. वस्तू व सेवा कर आला तेव्हा (२०१७) वातयुक्त पेयांवर २८ टक्के कर व १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्क्यांच्या एकाच दरात रूपांतरित झाला आणि वायुमिश्रित फळपेयेही त्याच दरात आली.

स्पर्धेच्या बाबतीत इतिहासाने एक वळसा पूर्ण केला आहे. १९७७ नंतर वाढलेली व पुढे निस्तेज झालेली कँपा ही नाममुद्रा रिलायन्स समूहाने २०२२ मध्ये घेतली व २०२३ मध्ये २०० मिलिलिटरची बाटली १० रुपयांना बाजारात उतरविली. ज्यांच्याजवळ जाहिरातीपुरते भांडवल नसते ते या धंद्यात टिकत नाहीत, हा जुना अनुभव. भांडवलाची ददातच नसलेला प्रतिस्पर्धी आल्यास काय होते, याचा हा नवा अनुभव आहे. २०२४ च्या पूर्वार्धात वरुण बेव्हरेजेसच्या भागाची किंमत प्रतिभाग उत्पन्नाच्या साठ पटींहून अधिक होती. त्या वर्षाच्या उत्तरार्धापासून ती उतरणीस लागली. आठ वर्षांपूर्वीच्या खरेदीदाराला ही घसरण सोसण्यासारखी होती. शिखरावर खरेदी करणाऱ्याला नव्हती.

या सर्व स्पर्धेत एक प्रतिस्पर्धी मोजला जात नाही, तो म्हणजे उसाचा रस. महाराष्ट्रभर रस्त्यांच्या कडेला दिसणाऱ्या रसवंतिगृहांपैकी अनेकांना कानिफनाथांचे किंवा नवनाथांचे नाव असते. पुरंदर तालुक्यातील बोपगावच्या कानिफनाथांचे भक्त या धंद्यात मोठ्या संख्येने आहेत, हे त्याचे कारण. साखर, पाणी व उन्हाळा हीच सामग्री तेथेही आहे. अर्क नाही, परवानगीचा करार नाही. त्याचे भाग मात्र कोठेही विकत मिळत नाहीत.